राइजरला पॉवर कशी द्यावी: सॅटा, मोलेक्स की सहा-पिन?

चिन्मय_नाशिक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. क्रिप्टो माइनिंगसाठी सहा आरएक्स ५८० (८ जीबी) ग्राफिक्स कार्डांचा सेकंडहँड रिग जोडतोय. सामान असं आहे:

सहा राइजर (कार्ड मदरबोर्डापासून लांब बसवायच्या जोड-पाट्या), प्रत्येकावर पॉवरची दोन सॉकेटं, एक सहा-पिन आणि एक मोलेक्स (जुना चार-पिनी प्लग). सोबत आलेल्या सहा 'सॅटा ते सहा-पिन' वायरी. १२०० वॉटचा मॉड्युलर पीएसयू (केबल सुट्या होणारा पॉवर सप्लाय). त्याला पीसीआयईच्या (ग्राफिक्स कार्डाला पॉवर देणाऱ्या) सहा केबल आहेत (प्रत्येकीला ६+२ ची दोन डोकी), सॅटाच्या तीन (प्रत्येकी चार प्लग) आणि मोलेक्सची एक (चार प्लग). प्रत्येक कार्डाला एक आठ-पिन लागते.

विकणाऱ्याचं म्हणणं, राइजरना सोबतच्याच वायरी लावा आणि सॅटाच्या एका केबलवर दोन-दोन राइजर घ्या. नेटवर निम्मे लोक म्हणतात बिनधास्त चालतं, निम्मे म्हणतात आग लागते. कुणी आकड्यांसकट सांगेल का? बहुतेक वेळ ईटीसी (इथेरियम क्लासिक) चालवणार, अधूनमधून रेव्हनकॉइन.

व्होल्टमीटर

सॅटाच्या त्या वायरी वापरू नका. कारण आकड्यांतच आहे, बघा.

पीसीआयईच्या नियमानुसार ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट घेऊ शकतं. त्यातले ६६ वॉट १२ व्होल्टवर (५.५ अँपिअर) आणि बाकीचे साधारण १० वॉट ३.३ व्होल्टवर (३ अँपिअर). मदरबोर्डावर हे सगळं स्लॉटमधून मिळतं. राइजरवर मात्र यूएसबी केबलमधून फक्त सिग्नल येतात, पॉवर सगळी राइजरच्या प्लगमधून. ३.३ व्होल्टसुद्धा राइजरवरचा छोटा रेग्युलेटर १२ व्होल्टमधूनच बनवतो. म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत एका प्लगमधून ६ अँपिअरच्या वर करंट जाणार.

आता सॅटा प्लग. पिना १५. त्यातल्या १२ व्होल्टच्या फक्त तीन, १३ ते १५ नंबरच्या, आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर. तीन गुणिले दीड म्हणजे साडेचार अँपिअर, १२ व्होल्टला ५४ वॉट. हा प्लग हार्ड डिस्कसाठी केलेला आहे. डिस्क फिरायला लागताना काही सेकंद दोनेक अँपिअर घेते, मग निवांत असते. राइजर २४ तास सलग करंट ओढतो.

तुलनेसाठी: मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिन एकच, पण जाड, क्षमता साधारण ११ अँपिअर. पीसीआयईच्या सहा-पिनीत १२ व्होल्टच्या दोन किंवा तीन पिना, प्रत्येकीची क्षमता ८ अँपिअरच्या आसपास. नियमाने तिच्यावर ७५ वॉटच टाकायचे असतात, म्हणजे मोकळीक भरपूर.

आणि सॅटाच्या एका केबलवर दोन राइजर? त्या केबलचे चारही प्लग एकाच पिवळ्या वायरीवर ओवलेले असतात. पीएसयूच्या तोंडाशी त्या वायरीसाठी पिन एकच. दोन राइजर म्हणजे सगळा करंट त्या एका पिनेतून, त्या एका वायरीतून.

मेगाहॅश

व्होल्टमीटर यांचे आकडे बरोबर आहेत, पण ७५ वॉट ही कमाल मर्यादा झाली. बरीच कार्डं स्लॉटमधून ३० ते ४० वॉटच घेतात, बाकी आठ-पिनीतून. ४० वॉट म्हणजे ३.३ अँपिअर, सॅटाच्या ४.५ च्या आत. म्हणून तर निम्म्या लोकांचं 'बिनधास्त' चालतं. तुमचं कार्ड किती घेतं ते मोजल्याशिवाय सॅटा बाद करणं घाईचं वाटतं.

व्होल्टमीटर

@मेगाहॅश, मोजावं हे शंभर टक्के मान्य. पण ४.५ अँपिअर हा आकडा तिन्ही पिना सारखा भार उचलतील तेव्हाचा, आणि नेमकं तेच होत नाही.

पिन आणि प्लगची पट्टी जिथे टेकतात तिथे थोडा रेझिस्टन्स असतोच. नव्या प्लगमध्ये तो १०–२० मिलिओहम धरा. पाच-सहा वेळा काढघाल केली, पट्टीचा ताण गेला, वर ऑक्साइड धरलं की एखाद्या पिनेचा रेझिस्टन्स वाढतो. मग तिचा करंट शेजारच्या दोघींवर जातो. ५.५ अँपिअर दोन पिनांवर आले तर प्रत्येकीवर २.७५. तिथला रेझिस्टन्स १०० मिलिओहम झाला असेल तर २.७५ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे पाऊण वॉट उष्णता. ऐकायला किरकोळ, पण ती नखाएवढ्या प्लास्टिकच्या आत, हवा न लागणाऱ्या जागी, दिवसरात्र तयार होतेय. उष्णतेने पट्टीचा ताण आणखी जातो, रेझिस्टन्स आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. हा फेरा एकदा सुरू झाला की आपोआप थांबत नाही. म्हणून 'सहा महिने चाललं' हा पुरावा मी धरत नाही. सॅटा प्लग पहिल्या दिवशी जळत नाही.

क्रिंपिंग_टूल

वरच्या हिशोबात एक गोष्ट राहिली: राइजरसोबत येणारी वायर कशी बनवलेली असते. सॅटाचे प्लग दोन तऱ्हेचे. चांगल्या पीएसयूच्या मूळ केबलवर वायर दाबून बसवलेली असते, मागचं झाकण नखाने निघतं आणि पिना सुट्या दिसतात. स्वस्त अडॅप्टरवर वायरी पिनांना डाग देऊन जोडतात आणि वरून गरम प्लास्टिक ओततात. हा दुसरा, ओतीव प्लग धोक्याचा. सॅटाच्या पिना एकमेकींपासून १.२७ मिलिमीटरवर असतात. १२ नंबरची ग्राउंड, तिला खेटून १३ नंबरची १२ व्होल्ट. प्लास्टिक ओतताना वायर जरा सरकली तर त्या दोघींमध्ये कागदाएवढं प्लास्टिक उरतं, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. प्लग तापला, प्लास्टिक मऊ झालं, की थेट शॉर्ट.

वायरही बघा. इन्सुलेशनवर छापलेलं असतं: १८ एडब्ल्यूजी (वायरच्या जाडीचा क्रमांक, लहान तितकी वायर जाड) हवी, या अडॅप्टरवर बऱ्याचदा २० किंवा २२ निघते. १८ चा रेझिस्टन्स मीटरला साधारण २१ मिलिओहम, २० चा ३३, २२ चा ५३. छापलेलं खरं असेलच असंही नाही. तुकडा कापून चाकूने खरवडा: आत पांढरट चांदीसारखा धातू दिसला तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, टाकून द्या. (तांब्यावर कथिलाचा मुलामा असला तरी वायर वरून पांढरी दिसते, म्हणून खरवडायचं. आत लाल दिसलं पाहिजे.)

'दोन सॅटा ते एक सहा-पिन' अशीही वायर मिळते. दोन्ही प्लग एकाच सॅटा केबलवर लावले तर करंट शेवटी त्याच एका पिवळ्या वायरीतून येतो, त्यामुळे फायदा निम्माच.

मेगाहॅश

ओतीव प्लगचा मुद्दा पटला. सॅटा बाद.

व्होल्टमीटर

स्लॉटमधून कार्ड किती ओढेल याचा भरवसा ठेवू नये, याचं जाहीर उदाहरण तुमच्याच घराण्यातलं आहे. जून २०१६ मध्ये आरएक्स ४८० आलं तेव्हा परीक्षण करणाऱ्यांना त्याचं मूळ डिझाइनचं कार्ड स्लॉटमधून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घेताना आढळलं. एएमडीने जुलैमध्ये १६.७.१ ड्रायव्हर काढून भार स्लॉटवरून सहा-पिनीकडे वळवला. आरएक्स ५८० ला आठ-पिन मिळाली आणि बहुतेक कार्डांची विभागणी सुधारली, पण सेकंडहँड कार्डात बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला असू शकतो. तिथे कागदावरचा आकडा कामाचा नाही.

दुसरं टोक म्हणजे जीटीएक्स १०५० टीआयसारखी बिनप्लगची कार्डं. ती सगळे ७५ वॉट स्लॉटमधूनच घेतात. 'छोटं कार्ड आहे, सॅटा चालेल' असं तिथे लोक म्हणतात, आणि राइजरवर सगळ्यात जास्त भार तिथेच असतो.

चिन्मय_नाशिक

सगळ्यांचे आभार, आता चित्र स्पष्ट झालं. मग मोलेक्सच्या एका केबलवर चार राइजर आणि उरलेले दोन कुठे?

क्रिंपिंग_टूल

चार नको! मोलेक्स केबलसुद्धा एकाच पिवळ्या वायरीवर ओवलेली. चार राइजर ५.५ ने २२ अँपिअर, आणि १८ एडब्ल्यूजीची एक वायर पीएसयूच्या तोंडाशी ८–९ अँपिअरच्या पिनेत बसलेली. प्लग टिकेल, पीएसयूकडचा कनेक्टर जळेल, आणि तो दुरुस्त होत नाही. मोलेक्सच्या एका केबलवर एक राइजर. क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजून स्लॉटचा वापर ४० वॉटच्या आत निघाला तर दोन. त्यापुढे नाही.

मोलेक्सची दुसरी खोड: आतल्या नळ्या सुट्या हलतात. प्लग लावताना एखादी नळी मागे ढकलली जाते आणि टोकावर कशीबशी टेकून राहते. लावल्यावर मागून चारही वायरी एकेक करून हलक्या हाताने ओढून बघा. एखादी मागे सरकली तर प्लग काढून नळीच्या बाजूचे दोन कान बारीक टोकाने बाहेर वाकवा आणि परत बसवा.

पण तुम्हाला मोलेक्सची गरजच नाही. तुमच्याकडे सहा पीसीआयई केबल गुणिले दोन डोकी, बारा डोकी आहेत. सहा कार्डं, सहा राइजर. प्रत्येक केबलचं एक डोकं (६+२) कार्डाला, दुसरं डोकं (फक्त ६, उरलेला २ चा तुकडा बाजूला वळवून) त्याच कार्डाच्या राइजरला.

हिशोब: आरएक्स ५८० चं पूर्ण कार्ड मूळ सेटिंगला १८५ वॉट. १२ ने भागल्यावर १५.४ अँपिअर. केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन वायरी, प्रत्येकीवर ५.१ अँपिअर. १८ एडब्ल्यूजीला आणि पिनांना हे झेपतं. व्होल्टेज कमी केल्यावर भार आणखी उतरेल. एका केबलमध्ये कार्ड आणि त्याचा राइजर दोन्ही आले, गुंता संपला. फक्त लक्षात ठेवा, हे एका आठ-पिनीच्या कार्डापुरतं. दोन आठ-पिनींच्या कार्डाला दोन स्वतंत्र केबल द्यायच्या आणि राइजरसाठी वेगळी. अशा वेळी एका पीसीआयई केबलच्या दोन डोक्यांवर दोन राइजर चालतात: ११ अँपिअर तीन वायरींत, पावणेचारच्या आत.

व्होल्टमीटर

याला माझं पूर्ण अनुमोदन. चार गोष्टी जोडतो.

१) राइजरच्या दोन सॉकेटांपैकी एकच वापरा. सहा-पिन आणि मोलेक्स आत एकमेकांना जोडलेली असतात. दोन वेगळ्या पीएसयूंच्या केबल दोन्हींत घातल्या तर तुम्ही दोन पीएसयूंचे १२ व्होल्ट एकमेकांना बांधलेत.

२) पीएसयूचा सीपीयूचा आठ-पिन प्लग (४+४) चुकूनही राइजरला किंवा कार्डाला लावू नका. पीसीआयई प्लगमध्ये खटक्याच्या बाजूची ओळ ग्राउंड असते, सीपीयूच्या प्लगमध्ये खटक्याच्या बाजूची ओळ १२ व्होल्ट. बरोबर उलट. पिनांचे आकार वेगळे आहेत म्हणून बसत नाही, पण जोर लावून बसवणारे असतात.

३) मॉड्युलर केबल त्याच मॉडेलच्या पीएसयूची हवी. पीएसयूच्या बाजूच्या पिनांची मांडणी कुठल्याही नियमाने ठरलेली नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळी असू शकते. सेकंडहँड रिगमध्ये केबल मिसळलेल्या असतात. प्रत्येक केबल पीएसयूला लावून, कार्डाचं टोक मोकळं ठेवून, मल्टिमीटरने बघा: खटक्याच्या विरुद्ध ओळीत १२ व्होल्ट, खटक्याच्या बाजूला शून्य.

४) पॉवर चालू असताना राइजरचा कुठलाही प्लग किंवा यूएसबी केबल काढू-घालू नका.

सर्किट_सांगली

राइजरला कार्ड लावण्याआधी राइजर स्वतः तपासा. स्वस्त मालात ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर सदोष निघतो आणि १२ व्होल्ट थेट ३.३ च्या पट्टीवर येतात. मग कार्ड गेलंच.

पद्धत: पीएसयू मेनमधून काढा. राइजरच्या सहा-पिनीत १२ आणि ग्राउंड यांच्यात रेझिस्टन्स मोजा. सुरुवातीला कमी दिसून कपॅसिटर भरताना वाढत गेला पाहिजे. शून्याजवळ अडकला तर राइजर बाजूला. मग २४-पिनीची हिरवी आणि शेजारची काळी वायर तारेने जोडून पीएसयू एकटा चालू करा, राइजरला फक्त सहा-पिन, कार्ड नाही, यूएसबी नाही. आता स्लॉटमध्ये मोजा. स्लॉटच्या आखूड भागात, ब्रॅकेटच्या बाजूने, 'बी' ओळीच्या पहिल्या तीन पिना १२ व्होल्ट, चौथी ग्राउंड, आठवी ३.३ व्होल्ट. 'ए' ओळीत दुसरी-तिसरी १२ व्होल्ट, नववी-दहावी ३.३. मीटरच्या टोकाला बारीक सुई बांधा आणि एका वेळी एकाच पिनेला लावा, शेजारी घसरू देऊ नका. ३.१ ते ३.५ च्या बाहेर काही दिसलं तर तो राइजर वापरायचा नाही.

पाटीवर छापलेले ००६सी, ००९एस वगैरे क्रमांक बनवणाऱ्यांनी स्वतःच ठेवलेले आहेत. मोठा क्रमांक म्हणजे सुरक्षित असं काही नाही. सोल्डर बघा, १२ व्होल्टच्या पट्टीची रुंदी बघा.

मदरबोर्डात घालायचा छोटा x१ तुकडा नीट सरळ बसवा. त्याला ब्रॅकेट नसतं, यूएसबी केबलच्या ओढीने तो तिरका होतो, आणि बोर्डाच्या त्या टोकाला १२ आणि ३.३ व्होल्टच्या पिना जवळजवळच आहेत. केबल फ्रेमला बांधून ओढ काढून टाका. ती केबल दिसायला यूएसबी ३.० असली तरी आत पीसीआयईचे सिग्नल आहेत, कॉम्प्युटरच्या खऱ्या यूएसबी पोर्टात तिचं काही काम नाही.

अनामिक_कुडाळ

क्लॅम्प मीटरने राइजरचा करंट कसा मोजायचा? माझ्याकडचा क्लॅम्प काहीच दाखवत नाही.

सर्किट_सांगली

दोन शक्यता. एक, तुमचा क्लॅम्प फक्त एसीचा असेल. इलेक्ट्रिशियनकडचे स्वस्त क्लॅम्प बहुतेक एसीचेच. डीसी मोजणारा हॉल सेन्सरचा हवा, उदा. युनि-टीचा यूटी२१०ई, त्याची २ आणि २० अँपिअरची रेंज या कामाला पुरते. दुसरी, तुम्ही पूर्ण केबलला क्लॅम्प लावला असेल. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात, वाचन शून्य. फक्त १२ व्होल्टच्या वायरी वेगळ्या करून एकत्र क्लॅम्पमध्ये घ्या. सगळ्या काळ्या वायरींची केबल असेल तर प्लगवरून ओळखा, खटक्याच्या विरुद्ध ओळ. आधी शून्य करायचं बटण दाबा, मग क्लॅम्पचा जबडा वायरींभोवती मिटवा. आलेला आकडा गुणिले १२ म्हणजे त्या राइजरचे वॉट.

माइनिंग सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर मोजा, आणि अल्गोरिदम बदलला की परत मोजा. @चिन्मय_नाशिक, ईटीसीचं ईटचॅश मेमरीवर भार टाकतं, रेव्हनकॉइनचं कॉपॉ मुख्यतः चिपवर. बऱ्याच कार्डांत मेमरीचा पुरवठा स्लॉटच्या बाजूने येतो, त्यामुळे चिपचं व्होल्टेज कमी केल्यावर एकूण वॉट उतरतात, राइजरवरचे मात्र तेवढे उतरत नाहीत. हाइव्हओएसमध्ये (माइनिंगच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) आरएक्स ५८० समोर दिसणारे वॉट फक्त चिपचे असतात, अख्ख्या कार्डाचे नव्हेत. त्यावरून राइजरचा हिशोब मांडू नका.

व्होल्टमीटर

करंटच्या जोडीला जोडावरचं व्होल्टेजही मोजा. मीटर मिलिव्होल्टवर, चालू रिग. एक टोक प्लगच्या मागून वायरीच्या क्रिंपला, दुसरं राइजरवर त्याच पिनेच्या सोल्डरला. सहा-पिनीत १०–२० मिलिव्होल्ट दिसणं ठीक. ५० च्या वर दिसलं तर मी तो प्लग काढतो. बोटाला गरम लागायच्या कितीतरी आधी हे कळतं.

मेगाहॅश

प्रत्येक राइजरच्या पिवळ्या वायरीत गाडीचा १० अँपिअरचा फ्यूज टाकला तर? आग लागायच्या आधी तुटेल.

व्होल्टमीटर

शॉर्ट झाला तर तुटेल, तेवढा उपयोग नक्की आहे. पण सॅटासारखा प्लग जळतो तो जास्त करंटमुळे नव्हे, खराब जोडामुळे. करंट पाचच अँपिअर असतो आणि प्लग वितळत असतो. फ्यूजला, पीएसयूला, घरच्या एमसीबीला, कुणालाच काही वावगं दिसत नाही. सिंगल रेल (१२ व्होल्टची एकच सामाईक लाइन असलेला) १२०० वॉटचा पीएसयू १२ व्होल्टवर १०० अँपिअर द्यायला तयार असतो. वितळलेल्या प्लगमधून २०–३० अँपिअर गेले तरी तो 'मोठं कार्ड आहे' असं समजून देत राहतो. भरवसा जोडावरच ठेवावा लागतो.

फ्यूज टाकायचाच तर चांगल्या होल्डरमध्ये टाका. त्यात दोन नवे जोड तयार होतात, तेही मिलिव्होल्टने तपासा.

पॉवरहाउस_ठाणे

दोन पीएसयू असलेल्यांसाठी लिहितो, कारण कार्डं वाढली की तिकडेच जावं लागतं.

कार्डाचा आठ-पिन आणि त्याच कार्डाचा राइजर एकाच पीएसयूवर. ही अट मोडू नका. दोन पीएसयूंचे १२ व्होल्ट कधीच तंतोतंत सारखे नसतात, एकाचे १२.१५ आणि दुसऱ्याचे ११.९ असू शकतात. शिवाय एक पीएसयू ट्रिप झाला तर कार्ड अर्ध्या पुरवठ्यावर लटकतं. मदरबोर्ड, सीपीयू आणि x१ तुकडे पहिल्या पीएसयूवर, बाकी कार्डं आपापल्या राइजरसह दुसऱ्यावर.

दोन्ही पीएसयूंचं ग्राउंड जाड वायरीने एकत्र हवं. ते नसेल तर परतीचा करंट रस्ता शोधत राइजरच्या यूएसबी केबलच्या ग्राउंडमधून मदरबोर्डाकडे जातो. ती केसाएवढी वायर त्यासाठी नाही. दोन्ही पीएसयूंच्या पेट्या धातूच्या फ्रेमला स्क्रूने घट्ट आणि फ्रेमला अर्थिंग.

चालू करताना आधी कार्डांचा पीएसयू, मग मदरबोर्डाचा. बंद करताना उलट. महावितरणची लाइट जाऊन परत येते तेव्हा हा क्रम कोण पाळणार? म्हणून बायॉसमध्ये लाइट आल्यावर 'बंदच राहा' असं ठेवा, किंवा दोन्ही पीएसयू एकत्र चालू करणारी रिलेची पाटी लावा.

सर्व्हरचे पीएसयू (एचपीचा डीपीएस-१२००एफबी वगैरे) २३० व्होल्टवर १२०० वॉट देतात, १२ व्होल्ट एवढंच आउटपुट, ब्रेकआउट बोर्डावर (पीएसयूला जोडायच्या वाटप-पाटीवर) सहा-पिनीची दहा-बारा सॉकेटं. राइजरसाठी हे उत्तम, सॅटाचा प्रश्नच येत नाही. बोर्डाचे स्क्रू मात्र घट्ट हवेत आणि केबल १६ एडब्ल्यूजीची घ्या. आवाज मोठा आहे, राहत्या खोलीत ठेवता येणार नाही.

अनामिक_कुडाळ

कोकणात पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

पॉवरहाउस_ठाणे

चालू रिग स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. बंद ठेवलेल्यालाच दमट हवा खाते, आणि समुद्राजवळ क्षार. महिनाभर बंद असेल तर प्रत्येक प्लग काढून बघा. पिना मळकट-हिरवट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पूर्ण वाळल्यावरच चालू करा. काळी किंवा तपकिरी झालेली पिन साफ करून परत वापरायची नाही, तिचा ताण गेलेला असतो. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुनं नव्याला घेऊन जातं.

मेनची बाजू: हा रिग भिंतीवर हजार वॉटच्या आसपास घेईल, सव्वाचार अँपिअर. तरी १६ अँपिअरचं तीन-पिन सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, सहा अँपिअरच्या बोर्डावरून एक्सटेन्शन ओढू नका. चालू लोडवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज २–३ च्या वर दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियन. फ्रेम लाकडी नको. आग दिसली तर पहिलं काम मेन बंद, मग पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पाणी नाही.

टोकन_पुणे

माइनिंग नाही, पण राइजर तेच: तीन आरटीएक्स ३०९० वर घरचं एलएलएम (चॅटजीपीटीसारखं भाषेचं एआय मॉडेल) चालवायचं आहे. इथरियमचं माइनिंग सप्टेंबर २०२२ ला संपल्यापासून ही कार्डं आणि फ्रेम बाजारात येतात. वरचे नियम लागू होतात का?

व्होल्टमीटर

सगळे लागू, आणि एक ज्यादा. माइनिंगचा भार सपाट असतो. एलएलएममध्ये प्रश्न आला की कार्ड एकदम चढतं, उत्तर संपलं की उतरतं. प्लग दिवसभर तापतो-निवतो, आकसतो-पसरतो, आणि जोड ढिला होण्याचा वेग वाढतो. ३०९० ला मूळ ३५० वॉट लागतात. एनव्हिडिया-एसएमआय या कमांडमधून मर्यादा २५०–२८० ला आणा, वेगात फारसा फरक पडत नाही. दर कार्डाला दोन स्वतंत्र पीसीआयई केबल, राइजरना वेगळी.

सोय एक आहे: विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो ३० मालिकेच्या कार्डांत स्लॉटमधून येणारे वॉट आणि प्रत्येक आठ-पिनीचे वॉट वेगवेगळे दाखवतं. क्लॅम्प मीटर नसला तरी राइजरचा भार तिथे वाचता येतो. लिनक्सवर लॉगमध्ये 'एक्सआयडी ७९', म्हणजे कार्ड बसवरून गळून पडलं, असं वारंवार आलं तर ड्रायव्हर बदलत बसण्याआधी राइजरचा प्लग आणि यूएसबी केबल बघा. x१ वरून मॉडेल लोड व्हायला वेळ लागतो (तिसऱ्या पिढीचा x१ सेकंदाला जेमतेम १ जीबी), तो दोष नव्हे.

चिन्मय_नाशिक

ठरलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. सॅटाच्या सहाही वायरी कापून टाकतो, पुढे कुणी वापरू नयेत म्हणून. प्रत्येक पीसीआयई केबल: ६+२ कार्डाला, ६ राइजरला. राइजर आधी कार्डाविना तपासणार. पीएसयूवर एकूण भार सहा कार्डं १३० वॉटला आणली तर ७८०, अधिक मदरबोर्ड वगैरे ८०, म्हणजे ८६०. १२०० च्या ७२ टक्के.

क्रिंपिंग_टूल

बरोबर. दोनच सूचना. मूळ सेटिंगला सहा कार्डं १११० वॉट होतात, म्हणून पहिल्यांदा सगळी एकदम चालू करू नका. एक कार्ड लावा, व्होल्टेज-क्लॉक बसवा, राइजरचा करंट मोजा, मग दुसरं. ओव्हरक्लॉकची सेटिंग माइनर सुरू व्हायच्या आधी लागू होतात ना, तेही रीबूट करून बघा, नाहीतर लाइट जाऊन परत आल्यावर सहाही कार्डं पूर्ण भारावर उठतील.

आणि उरलेले २ चे तुकडे: ६+२ मधला सुटा तुकडा राइजरजवळ लोंबकळत ठेवू नका. पीसीआयई प्लगच्या मांडणीनुसार तो ग्राउंडचाच असतो, पण पंख्यात अडकतो. केबल टायने मागे बांधा. पहिल्या अर्ध्या तासाने, मग दुसऱ्या दिवशी, मग महिन्याने प्रत्येक सहा-पिनीवरचे मिलिव्होल्ट मोजून राइजरवर मार्करने लिहून ठेवा. सहापैकी एखाद्याचा आकडा चढताना दिसला की तेवढा प्लग बदलायचा.